उताणं पडून काढलेला नकाशा

१

घर पाडायचं नसतं, उतरवायचं असतं, हे वाक्य धाकटीने इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की तिच्या वखारीतली मांजरंसुद्धा ते ऐकून उठून जायची.

कॉलेजात पाच वर्षं तिला इमारत कशी उभी करायची ते शिकवलं. ती सोडवायची कशी, हे कुणी शिकवलं नाही. पदवी हातात पडल्यावर तिने पाहिलं, की जुनं घर भुईसपाट करायला दीड दिवस पुरतो, आणि त्या दीड दिवसात पिढ्यान् पिढ्या टिकलेलं लाकूड, हाताने घडवलेले गज, अजून दोन घरं उभी राहतील इतक्या विटा, सगळं एका ढिगाऱ्यात जाऊन खड्डे बुजवायच्या कामी येतं. तिचं डोकंच फिरलं. नोकरीचं पत्र आलं होतं, ते तिने उघडलंही नाही. गावाबाहेरची एक पडीक वखार घेतली आणि लोकांच्या घरांचे अवयव गोळा करायला लागली. पाडायचं यंत्र यायच्या आत चार दिवस मिळवायचे आणि तेवढ्यात घर उलट्या क्रमाने सोडवायचं. आधी कौलं, मग वासे, मग खिडक्या चौकटीसकट, दारं बिजागऱ्यांसकट, मग जमिनी आणि सगळ्यात शेवटी विटा.

"शेवटी चढलं ते आधी उतरतं," मिस्त्रीकाका म्हणायचे. साठी उलटलेला हा सुतार तिच्या हट्टाला पहिल्या दिवसापासून हसत आला होता आणि पहिल्या दिवसापासून एकही दिवस चुकला नव्हता. खिळा उपटला की ते त्यावर फुंकर घालायचे, जणू खिळा पोळला असावा. मग बोलता बोलता ठोकून सरळ करायचे आणि डब्यात टाकायचे.

कोपऱ्यावरचं ते दुमजली घर त्यांनी वैशाखाच्या उन्हात उतरवलं. वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली. तिची जमीन सागाच्या बेचाळीस फळ्यांची, रस्त्याकडच्या खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत अखंड. फक्त वरून कुणीतरी चौकड्यांची जाड प्लॅस्टिक शीट अशी काही चिकटवली होती, की ती निघता निघेना. शेवटी ठरलं, सांध्यांवर शीट कापून फळ्या तिच्यासकट न्यायच्या आणि वखारीत सावकाश सोलायच्या. पण मग आकडे कुठे घालायचे? वर घातले तर शीटबरोबर जाणार.

"खालून घालते," धाकटी म्हणाली.

खालच्या खोलीत बांबूंची उंच माच बांधली, त्यावर ती उताणी पडली आणि डोक्यावरच्या फळ्यांच्या पोटावर निळ्या तेलखडूने एकापासून बेचाळीसपर्यंत आकडे घातले. मग तशीच पडल्या पडल्या, वही छातीवर धरून, दिसलं तसं कागदावर उतरवलं. धूळ डोळ्यांत येत होती, निळा रंग बोटांना लागत होता, आणि तिला फार बरं वाटत होतं.

"इंजिनीअरबाई, झोप लागली का?" खालून मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"नकाशा काढतेय."

"आकाशाचा काढतात तसा," ते म्हणाले आणि खिळ्यावर फुंकर घातली.

२

या फळ्या विकायच्या नाहीत, हे तिने आधीच ठरवलं होतं. त्या ताईसाठी होत्या.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आठ महिन्यांपूर्वी तिला ताप आला, तो बावीस दिवस उतरला नाही. उतरला तेव्हा ताई परत आली, पण तिचे पाय तिच्याबरोबर आले नाहीत. डॉक्टरांनी टाचण्या टोचल्या, हातोडीने गुडघे वाजवले आणि सांगितलं, की पायांना काही झालेलं नाही, एके दिवशी उठेल. ते ऐकून ताई म्हणाली, "त्यांना कळलंय, पायांना अजून कळायचंय." त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

खालच्या अंधाऱ्या खोलीत तिचा चेहरा दिवसेंदिवस मेणासारखा होत चालला होता. घराच्या गच्चीवर एक खोली अर्धवट बांधून पडली होती. तिथे ऊन होतं, वारा होता. धाकटीने ती दोन आठवड्यांत पुरी केली. खोलीला दार नव्हतं, कारण लागतच नव्हतं. सिमेंटचा जिना खालून थेट खोलीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात निघायचा.

"वर न्यायचं म्हणतेस," आई म्हणाली, "आणि खाली कशी येणार ती?"

"चालत."

 ताईला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, त्या दिवसापासून आईने आपली बसायची जागा बदलली. भाजी निवडायची, कपडे शिवायचे, ते आता जिन्याच्या पायथ्याशी. तेही जिन्याकडे पाठ करून. जिन्याकडे टक लावून बसलं की येणारी व्यक्ती बुजते, असं तिचं म्हणणं.

ताईला वर न्यायच्या आधीच फळ्या नकाशाबरहुकूम बसल्या. नवी खोली फूटभर जास्त रुंद होती, म्हणून उजव्या भिंतीलगत मिस्त्रीकाकांनी तीन कोऱ्या फळ्या रंधून घातल्या. मग शीटचा गोंद खरवडला, ओल्या फडक्याने पुसलं, आणि लाकडात एक वाट दिसली.

खिडकीजवळ डावीकडे चार वाटोळे खड्डे होते, वर्षानुवर्षं एकाच जागी खुर्ची ठेवली की पडतात तसे. त्या खड्ड्यांपासून एक झीज निघाली होती. वीतभर रुंद, मधे खोलगट, पावलांनी गुळगुळीत झालेली. ती तिरपी तिरपी खोली ओलांडून उजव्या भिंतीकडे गेली होती. सलग नव्हती. प्रत्येक फळीवर किंचित सरकलेली, पाण्यात बुडवलेली काठी दिसते तशी.

"रंधा मारतो," मिस्त्रीकाका म्हणाले. "एका हातात साफ होईल."

"अजिबात नाही. झीज म्हणजे घाण आहे का, काका? कुणीतरी आयुष्यभर चाललंय तिथून. ते पुसायचं असेल तर मग नवीनच फळ्या घालू ना."

"ठीक. पण आयुष्यभर चालून भिंतीत कशाला जाईल कुणी?"

"कपाट असेल तिथे."

"एवढी झीज पडायची तर त्या कपाटात लोणी असलं पाहिजे," काका म्हणाले, आणि दोघं हसली. खिडकीतली खुर्ची धाकटीने सहज त्या खड्ड्यांवर ठेवली. चारही पाय खटकन बसले.

३

दुपारी ताईला पलंगावरून उचलून त्या खुर्चीत बसवायचं, हा परिपाठ झाला. ऊन फळ्यांवर पसरायचं. खोलीला जुन्या लाकडाचा, थोडा मधासारखा वास यायचा. ताई बाहेर बघत बसायची आणि तिच्या गालांवर हळूहळू रंग येत होता. वखारीतून दुपारी घरी येऊन तिच्यापाशी बसणं हा धाकटीचा दिवसातला सगळ्यात आवडता भाग झाला. त्या खोलीत वेळ पातळ व्हायचा. दोघी अर्ध्या जाग्या, अर्ध्या कुठे तरी.

फळ्या वाजायच्या. तीनच्या सुमाराला, ऊन सरकलं की. धाकटीला त्याचं काहीच वाटलं नाही. लाकूड तापतं, फुगतं, निवतं, आळोखेपिळोखे देतं, एवढं तर तिला झोपेतही माहीत होतं.

मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की आवाज क्रमाने होतायत.

पहिला खुर्चीपाशी. मग जरा पुढे. मग अजून पुढे. एकूण अकरा, आणि प्रत्येक आवाज मागच्यापेक्षा एका पावलाइतका लांब. शेवटचा भिंतीपाशी. मग शांत. तिने स्वतःला समजावलं, ऊनच तसं सरकतं, डावीकडून उजवीकडे. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ऊन नव्हतं. तीन वाजता खुर्चीपासून भिंतीपर्यंत अकरा आवाज झाले.

कालची ऊब लाकडात शिल्लक असते, तिने मनाशी म्हटलं.

पण एका गोष्टीचं उत्तर तिला मनाशीही देता येईना. आवाज रोज जायचे. परत कधीच यायचे नाहीत.

"तुला ऐकू येतं का गं?" तिने ताईला विचारलं.

"काय?"

"फळ्या."

ताईने खिडकीतून नजर काढली नाही. "मी बसलेय ना, म्हणून वाजतात. एकट्याच जातात बिचाऱ्या."

४

त्यानंतर आठवड्याने धाकटी चहाचे दोन पेले घेऊन वर आली, तर खुर्ची रिकामी.

ताई उजव्या भिंतीपाशी उभी होती. पाठमोरी, सरळ, केस मोकळे. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. तिचा चेहरा भिंतीपासून जेमतेम चार बोटांवर होता.

हातातले पेले खाली कसे ठेवले गेले ते धाकटीला कळलं नाही. "ताई," ती म्हणाली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "आई, उभी आहे, ताई उभी आहे."

आई वर आली ती पायऱ्यांवर हात टेकतच. मग दोघींनी ताईला धरलं, आई रडली, हसली, पुन्हा रडली. मग ताईचे गुडघे दुमडले, आणि त्यांनी तिला उचलून पलंगावर नेलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ताई पुन्हा उठली. तिसऱ्या दिवशीही. आता आईने शेजारणीला सांगितलं. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं ना." धाकटी मात्र मनाशी टिपत होती. ताई फक्त त्या वाटेवरून चालते. फक्त तीन वाजता. फक्त भिंतीकडे. वाटेच्या बाहेर तिचं पाऊल ठेवून पाहिलं, तर पाय कापडासारखा गळून पडतो. भिंतीपाशी पोचली की ती उभी राहते, पाय देतील तोवर, आणि मग तिला उचलूनच आणावं लागतं.

"तिथे काय करतेस?"

"दार उघडायला जाते."

"तिथे दार नाहीये, ताई."

"तेच ना," ताई म्हणाली, आणि इतकी गोड हसली, की धाकटीला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिची बहीण दिसली. "बाहेर उभं राहून राहून कंटाळत असेल. आपण आत बसायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, बरं दिसतं का?"

५

चूक मिस्त्रीकाकांच्या हाती लागली, आणि तीही गमतीतच.

दुसऱ्या एका घराच्या छताखाली ते माचेवर उताणे पडून खिळे हेरत होते. धाकटी जुना नकाशा घेऊन आली, आकड्यांची तीच पद्धत इथेही वापरू म्हणून. काकांनी पडल्या पडल्या कागद हातात घेतला, तोंडासमोर धरला. मग कागद बाजूला करून वरच्या फळ्या पाहिल्या, पुन्हा कागद पाहिला.

"हा तू असा काढलास," ते शेवटी म्हणाले. "उताणी पडून."

"हो."

"आणि बसवताना?"

"जमिनीवर पसरला आणि..." धाकटी थांबली. काकांनी कागद तोंडावरून उचलला आणि खाली, माचेवर पालथा घातला. छपाईचा ठसा आणि छापलेलं अक्षर यांत जेवढा फरक, तेवढाच. खालून पाहिलेली डावी बाजू वरून उजवी होते, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तिने जमीन डावी-उजवी उलटी बसवली होती. बेचाळीस नंबरच्या जागी एक, एकच्या जागी बेचाळीस.

"कडा वाकड्यातिकड्या असत्या, तर पहिल्या दोनच एकमेकींना भिडल्या नसत्या," काका म्हणाले. "सरळ कडेच्या निघाल्या. सरळ माणसांचं असंच असतं, कुणीही कुठेही बसवावं."

तिने फोनमध्ये त्या घराचे फोटो उघडले. वरची खोली, खिडकी. खुर्चीचे खड्डे शीटखाली, पण ते खिडकीच्या उजवीकडे असणार. आणि डाव्या भिंतीत, मागच्या बाजूला, दार. वाट दारात जात होती. वर्षानुवर्षं कुणीतरी खिडकीतून उठून दारापर्यंत गेलं होतं. तिने ती वाट उलटवून भिंतीवर नेऊन सोडली होती.

दोघं लगेच घरी आली. ताई झोपली होती. काका उजव्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तळहात जमिनीवर ठेवला. मग तो तिथेच राहिला.

"काय झालं?"

"या माझ्या फळ्या," ते हळूच म्हणाले. "कोऱ्या. मी रंधल्या. चाळीस दिवस नाही झाले."

वाट त्या तीन कोऱ्या फळ्यांवरही होती. चमच्यासारखी खोल, काठांना गुळगुळीत, तळाशी काळसर. भिंतीत जाऊन थांबली होती. थांबली होती म्हणण्यापेक्षा, भिंत मधे आली होती.

"लाकूड कच्चं असेल," काका म्हणाले.

"कच्चं लाकूड फाटतं, काका. झिजत नाही."

 उठताना वाटेवर पाय पडू नये म्हणून त्यांनी मोठी ढांग टाकली.

६

खरं तर उत्तर सोपं होतं. फळ्या उचलायच्या आणि सुलट बसवायच्या, म्हणजे वाट जिन्याकडे जाईल. एका दिवसाचं काम. चूक केली ती आपण दुरुस्त करायची, एवढं तरी धाकटीचं तत्त्व पक्कं होतं. ती ताईच्या उशाशी बसली आणि तिने सांगितलं.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. "हलवल्यास तर मी परत बसेन," ती म्हणाली. "आणि मग मला उठवू नकोस."

आईला कळलं तेव्हा तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. "कुठल्या फळीला काय वाटतं ते तू ऐकतेस. आईला काय वाटतं ते एकदा ऐक. माझी मुलगी उभी राहिलीय. भिंतीकडे तोंड करून का होईना. तुझ्या उलट-सुलटपायी तिचे पाय घेऊ नकोस. मला ती या जिन्याने खाली आलेली हवी. बाकी तुझं जग तू सुधार."

धाकटी त्या दिवशी वखारीत दारांच्या रांगांमधून फिरत राहिली. शेकडो दारं, भिंतीला टेकून, कशातही न उघडणारी. तिला थांबणं कधी जमलंच नव्हतं. ताईला तिथे उभी राहून राहून दमताना पाहायचं आणि काही करायचं नाही, हे तर नाहीच. एका रांगेत तिला ते दार दिसलं. तिनेच बिजागऱ्यांसकट उतरवलेलं, कोपऱ्यावरच्या घराच्या वरच्या खोलीचं. अंगावर निळ्या खडूने अक्षरं तिच्याच हाताची.

वाटेला दार हवंय, तर दार देऊ. एवढं सोपं.

"पलीकडे काय आहे त्या भिंतीच्या?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"हवा. छोटा सज्जा काढू, कठडा घालू. नाहीतरी त्या बाजूने वारा यायला हवाच होता."

"वारा," काका म्हणाले. त्यांनी भिंत फोडली, चौकट बसवली, सज्जा काढला. चार दिवस त्यांनी एका खिळ्यावरही फुंकर घातली नाही. शेवटच्या दिवशी दार बिजागऱ्यांवर चढवलं. ते आत उघडणारं होतं, बिजागऱ्यांची जुनी खूणच तशी होती. कडी लावून त्यांनी हत्यारं पिशवीत भरली.

"पोरी," ते म्हणाले. पोरी त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. "उभं राहून दार उघडणं म्हणजे बाहेर जाणंच असतं असं नाही. कधी कधी कुणाला आत घेणंही असतं. तू दोन्हीचा विचार केलायस ना?"

"त्या दाराबाहेर जिना नाही, काका. कुणी येणार कुठून?"

"मी सुतार आहे," ते म्हणाले. "दार किती आणि कुठे बसतं ते मला कळतं. त्यातून काय येतं ते कळत असतं, तर मी दुसरंच काही केलं असतं." आणि ते जिना उतरून गेले.

७

तीन वाजले. ऊन फळ्यांवर होतं. धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ताई पडलीच तर धरायला. खाली, पायथ्याशी, पाठ करून, आई मटार सोलत होती. शेंगा फुटल्याचे बारीक आवाज वर येत होते.

ताई खुर्चीतून उठली. अकरा पावलं. आज तिची पावलं आणि फळ्यांचे आवाज एकाच वेळी पडत होते. दारापाशी पोचून तिने कडी काढली आणि दार आत ओढलं.

बाहेर सज्जा, कठडा, त्यामागे दुपार. कुणी नव्हतं. धाकटीने सोडलेला श्वास तिलाच ऐकू आला.

ताई मात्र बाजूला सरकली. अंग चोरून, दाराला चिकटून, पाहुण्याला वाट देतात तशी. "दमली असशील," ती म्हणाली. "ये."

मग तिने दार लोटलं आणि परत फिरली. वाटेवरून नाही. सरळ, मधल्या फळ्यांवरून, कुणाचा आधार न घेता, ती पलंगापर्यंत चालत गेली.  पाय परत आले होते, खरेखुरे, कुठेही जाणारे. धाकटी हसत पुढे होणार इतक्यात ताई पलंगावर आडवी झाली, तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीकडे कूस केली.

"ताई? खाली जायचं ना? आई वाट बघतेय."

"मला आता कशाला उठवतेस," ताई झोपेत बोलावं तसं म्हणाली. "माझं झालं."

दारापाशी फळी वाजली.

मग जरा अलीकडे. मग अजून अलीकडे. इतके दिवस फक्त गेलेले आवाज आता येत होते. धाकटी म्हणाली, ऊन. धाकटी म्हणाली, लाकूड, फुगतं, निवतं. ती हे मोठ्याने म्हणत होती हे तिला फार उशिरा कळलं. आवाज खोलीच्या मध्यात आले, खुर्चीकडे न वळता तिरपे झाले आणि तिच्या पुढ्यात, एका हातावर, थांबले. मधासारखा वास दाट झाला. ऊन तिथे किंचित जाड दिसत होतं, काचेत बुडबुडा असतो तसं. त्यापलीकडे काही नाही.

"तिला खाली घेऊन जा," ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "जिना तिच्या ओळखीचा नाही."

धाकटीला पळायचं होतं. पळायची एकच दिशा होती, खाली. तिने पहिल्या पायरीवर पाय टाकला, मग दुसऱ्या. आणि मागे, पहिल्या पायरीवर, अनवाणी तळवा टेकल्याचा आवाज झाला. जिना सिमेंटचा होता. सिमेंट तापून वाजत नाही. एवढा एकच विचार तिच्या डोक्यात स्वच्छ उरला.

खाली शेंगा फुटायच्या थांबल्या.

आईची पाठ ताठ झाली होती. पायांचे दोन जोड जिना उतरताना तिने इतके दिवस मनात ऐकले होते, आता कानांनी ऐकत होती. तिने वळून पाहिलं नाही. 

"सावकाश," ती म्हणाली. "एकेक पायरी. धाकटीचा हात धर."

धाकटीने हात मागे केला नव्हता, असं तिला नंतरही शपथेवर सांगता आलं असतं. पण तिच्या बोटांत बोटं आली. हलकी, कोरडी, खूप वेळ गार हवेत उभं राहिलेल्या माणसाची. ती घट्ट धरत नव्हती. विश्वासाने धरत होती, आणि तेच सहन होण्यापलीकडचं होतं.

सात पायऱ्या. सहा. आई कुजबुजत मोजत होती. शेवटच्या पायरीवर धाकटी थांबली. आईला सांगायला हवं होतं, आता, या क्षणी. काय सांगायचं होतं, तेही तिला माहीत होतं. तोंड उघडत नव्हतं.

"आता वळू का?" आईने विचारलं, आणि वळली.

ती धाकटीकडे बघत नव्हती. धाकटीच्या खांद्यावरून, मागे, थोडं वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पसरलेला आनंद इतका पूर्ण होता, की त्यात शंकेला तिळाइतकी जागा नव्हती. मांडीवरचे मटार घरंगळत गेले. आईने दोन्ही हात पसरले, आणि धाकटीच्या बोटांतून ती दुसरी बोटं हलकेच निसटली.

"किती वाळलीस गं," आई म्हणाली. तिचे हात मिटले, आणि मिटताना मधेच कशाला तरी टेकून थांबले. "किती वाट बघायला लावलीस."

वरच्या खोलीत पलंग करकरला. मग ताईची हाक आली, बारीक, जागी झालेली, घाबरलेली. "आई?"

आईने मान वर केली. हात सोडले नाहीत.

"वर कोण आहे गं?" तिने धाकटीला विचारलं.